वॉटलच्या फुलांची प्लेट

१

सोमवार हा आमचा फिरतीचा दिवस. सकाळचा चहा झाला की माझा नवरा केल गाडी बाहेर काढायचा, मी मागच्या सीटवर जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रं टाकायची, आणि आम्ही निघायचो. आधी चर्चच्या मागचं जुन्या सामानाचं दुकान, मग हॅमिल्टनच्या वाटेवरची गोदामं, आणि कुठे शेतावर लिलाव असला तर तो. मेंढ्यांचा धंदा आवरून म्हातारा-म्हातारी शहराकडे निघाली की त्यांचं अख्खं घर कुरणात ओळीने मांडलेलं असायचं. खाटा, घड्याळं, सुपाचे वाडगे, सगळं उन्हात. तिथे फिरताना मला चोरट्यासारखं व्हायचं आणि तरी पाय निघायचा नाही.

केलचा जीव लाकडात. त्याला मोडकी खुर्ची दिसली की तो तिच्यापाशी गुडघे टेकून बसे, आणि उठताना मला त्याला हात द्यावा लागे. माझा जीव चिनी मातीत. किटल्या, बश्या, केकच्या प्लेटा, लोण्याची झाकणवाली भांडी. आमची मुलगी ब्रॉनविन मेलबर्नहून आली की दारातच सुरू व्हायची, "आई, हे घर आहे की संग्रहालय? बसायचं कुठे माणसानं?"

"तू उभीच राहा," मी म्हणायची. "म्हणजे लवकर निघशील."

तिला कळायचं नाही. जुन्या प्लेटच्या मधोमध सुरीच्या बारीक रेघा असतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटाला लागतात. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं केक कापलेला असतो, मोठा तुकडा कुणाला द्यायचा हे मनात ठरवलेलं असतं. त्या रेघांवर बोट फिरवत मी अख्खी दुपार घालवू शकत असे. मला त्यात सुख होतं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

आमच्या मेरिंडा गावात हॉलमध्ये चहापान असलं की प्रत्येक बाई काहीतरी करून आणते आणि प्लेटच्या तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिते. चहापान संपलं की नाव बघून प्लेट आपापल्या घरी जाते. बाई वारली, घर मोडलं की त्याच प्लेटा नावासकट दुकानात येतात. त्या घरी आणल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं असे. निलगिरीच्या तेलाचा बोळा लावायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि नखाने नाव सोलून काढायचं. डोरीन पॅटन, मिसेस हॅलोरन, आणखी कितीतरी. मग प्लेट धुवायची आणि मांडणीवर ठेवायची.

कुठली वस्तू कुठून आली, त्या दिवशी कोण काय म्हणालं, सगळं मला तोंडपाठ. केलला काही आठवायचं नाही. पाहुण्यांनी विचारलं की तो हसत माझ्याकडे बोट करायचा, "तिला विचारा. डोकं तिच्याकडे आहे, मी नुसता हमाल."

२

त्या शरद ऋतूत फुलांचं प्रदर्शन होतं आणि नंतर हॉलमध्ये नेहमीप्रमाणे चहा. मी खजूर घातलेले स्कोन, भट्टीतले छोटे गोल पाव, केले होते, माझ्या हिरव्या लांबट प्लेटमध्ये. गर्दी बरी होती. डेलिया बघायला येणारे लोक खरं तर खायलाच येतात.

केल तोंड पुसत माझ्याकडे आला. "आज काय केक झालाय गं तुझा! असा कधी झाला नव्हता."

"मी स्कोन आणलेत."

"हो, पण तो पॅशनफ्रूटचा केक. मी दोनदा घेतला."

"मग ज्या बाईने केला तिला जाऊन सांग. खूश होईल बिचारी."

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. मलाही तेव्हा वाटलं की हा गोंधळला आहे, वयच झालं आहे.

शेवटी सगळ्याजणी आपापल्या प्लेटा उचलून गेल्या. हॉलच्या चाव्या सांभाळणारी थेल्मा टेबल पुसत होती. माझी हिरवी प्लेट माझ्या पिशवीत होती. टेबलावर एकच प्लेट उरली होती. फिकट साईच्या रंगाची, दोन्ही बाजूंना छोटे कान, आणि कडेने वॉटलची, म्हणजे आमच्याकडच्या बाभळीची, पिवळी फुलं.

त्याच नक्षीचा दुधाचा जग माझ्याकडे होता, कप होते, बश्या होत्या. ही प्लेट मी किती वर्षं शोधत होते ते केललाही ठाऊक होतं.

"थेल्मा, ही कोणाची?"

थेल्माने प्लेट उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. "दिवसाढवळ्या झोपलीस का गं? तुझीच की."

तळाला चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या शाईत 'ग्लेनिस' असं लिहिलं होतं. पहिल्या 'जी'ची शेपटी मी खाली ओढून डावीकडे वळवते. शाळेत त्यावरून मार खाल्लाय. ती शेपटी तशीच वळलेली होती.

गावात दुसरी ग्लेनिस नाही. होती ती माझ्या लग्नाच्या आधीच देवाघरी गेली, आणि तिला लिहिता येत नव्हतं. "माझी नाही" एवढं मी म्हणायला हवं होतं. पण प्लेट हातात आली, बोट आपोआप मधोमध गेलं, रेघा लागल्या, आणि मला मोह झाला. आधी घरी नेऊ, मग बघू, असं म्हणून मी ती पदरात पाडून घेतली.

३

मांडणीवर दुधाच्या जगामागे ती अशी बसली की जणू तेवढी जागा तिच्यासाठीच सोडली होती. मी मागे सरून बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्यात काहीतरी खुपत होतं.

केल चहाचा कप घेऊन आला आणि त्याने प्लेटच्या कडेवर हलकेच टिचकी मारली.

"पोर्ट फेरीचा पाऊस आठवतो?"

"कुठला पाऊस?"

"अगं, गाडीचं रेडिएटर फुटलं होतं तो! आपण त्या बंद दुकानाच्या ओसरीत उभं राहून मासे आणि बटाटे खाल्ले. काचेतून ही प्लेट दिसत होती. म्हातारा दार उघडेना, तू काच वाजवत होतीस. मग येताना सगळा रस्ता ही मांडीवर, माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून. आणि रडत होतीस वेड्यासारखी."

"मी? रडत?"

"आनंदाने गं." त्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला लाज वाटली. "किती लहान होतो आपण."

पोर्ट फेरीला मी आयुष्यात गेलेली नाही. गाडी लागते म्हणून समुद्राकडच्या वळणांच्या रस्त्याला मी कधी तयारच झाले नाही. आणि ज्या माणसाला काल जेवलेलं आठवत नाही, तो मला स्वेटरचा रंग सांगत होता. तपकिरी, कोपरावर ठिगळ.

"ते ठिगळ कुणी लावलं होतं?" मी विचारलं.

"तूच," तो म्हणाला. "दुसरं कोण लावणार?"

४

आधी मी स्वतःवर संशय घेतला. माझी आई शेवटच्या काळात मला 'सिस्टर' म्हणायची, दवाखान्यातल्या नर्सला म्हणतात तसं, आणि औषध दिलं की आभार मानायची. ते मी विसरलेली नाही. म्हणून केलला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. मी काटेसुद्धा लहान-मोठे बरोबर काढले.

"तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," त्या म्हणाल्या. "काही काळजी आहे का घरी?"

"नाही," मी म्हटलं. काय सांगणार? नवऱ्याला जास्त आठवायला लागलंय हे काय दुखणं झालं?

त्याला खरंच जास्त आठवायला लागलं होतं. लॅव्हेंडर लावलेलं ते अंगण, जे आम्हाला कधी नव्हतं. ब्रॉनविनच्या बारशाचा तो तिच्या नावाचा केक, जो मी केला नव्हता. प्रत्येक आठवणीत मी होते, आणि प्रत्येक वेळी ती 'मी' माझ्यापेक्षा जरा हसरी, जरा धीट होती. गाडी न लागणारी. तो सांगत असे आणि मी मान डोलवत असे. एखाद्या परक्या बाईचं कौतुक नवऱ्याच्या तोंडून ऐकावं आणि वर हसावं, तसं ते होतं.

मग आवाज सुरू झाला. भर दुपारी मी स्वयंपाकघरात असताना जेवणाच्या खोलीतून लाकडावर चिनी माती टेकवल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. जोरात आपटल्याचा नव्हता. ज्याला वस्तूची किंमत कळते त्याने सावकाश, आधी कड आणि मग तळ टेकवावा, तसा होता. जाऊन बघावं तर खोली रिकामी. परसातून केलच्या रंध्याची खरखर ऐकू येत असे, म्हणजे तोही नाही.

आणि कप. माझ्या मांडणीवर कपांचे कान उजवीकडे असतात, मी उजव्या हाताची आहे. एके दिवशी ते सगळे डावीकडे वळलेले दिसले. मी सरळ केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. आणि खरं सांगायचं तर तशी मांडणी जास्त चांगली दिसत होती. खिडकीचा उजेड कानांमधून येत होता. हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही, असं मनात आलं.

"कप तू फिरवलेस?" मी केलला विचारलं.

"तुझ्या कपांना हात लावायची माझी छाती आहे का?" तो म्हणाला. "काल तूच तर लावत होतीस. गुणगुणत होतीस की."

काल दुपारी मी दुकानात गेले होते.

५

मी निलगिरीचं तेल काढलं. प्लेट ओट्यावर पालथी घातली, बोळा ठेवला, थांबले आणि नख घातलं. चिकटपट्टी सरळ निघून आली. खाली दुसरी चिकटपट्टी होती. जरा पिवळी पडलेली, तिच्यावरही 'ग्लेनिस'. ती काढली. तिच्याखाली तिसरी.

मी काढत गेले. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जुना, कडक, चहाच्या रंगाचा होत गेला, आणि अक्षर मात्र लहान वयाचं होत गेलं. वरचं अक्षर माझं आत्ताचं, थोडं थरथरतं. मग ब्रॉनविन लहान होती तेव्हाचं, घाईतलं. मग लग्नानंतरचं, गोल, नीटनेटकं. दर चहापानाला एक पट्टी, तिच्यावर नवी पट्टी. सोलायची हौस असलेली मी, आणि इथे कुणीतरी एकदाही न सोलता आयुष्य काढलं होतं.

तळाशी अजून एक थर होता. त्याला हात लावायचं धैर्य झालं नाही. बोळ्यांचा ढीग तसाच टाकून मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. निलगिरीच्या वासाने एरवी मला बरं वाटतं, त्या दिवशी तो नकोसा झाला.

प्लेट फोडावी असं मनात आलं, नाही म्हणत नाही. पण हात उचलेना. जुनी वस्तू फोडणं माझ्या रक्तात नाही. शिवाय चूक तिची नव्हती. कुणाची तरी प्लेट माझ्या घरी आली होती, एवढंच. आणि आमच्याकडे दुसऱ्याची प्लेट घरी आली की ती परत करतात. रिकामी नाही करत, वर काहीतरी करून ठेवतात. म्हणून मी ठरवलं की हॉलच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला रविवारी दुपारी चहापान आहे, त्यात ही प्लेट न्यायची, भरून ठेवायची, आणि न घेता घरी यायचं. जिची असेल ती नेईल.

रविवारी सकाळी मी पीठ मळत होते तेव्हा केल दारात उभा राहिला.

"पॅशनफ्रूट आणू का वेलावरून?"

"मी स्कोन करतेय."

"अच्छा." त्याचा चेहरा पडला. लगेच सावरूनही घेतला त्याने, तो चांगला माणूस आहे. "स्कोनही छान होतात तुझे."

हातातलं पीठ मी तसंच आवळून धरलं. माझ्याकडे बघून माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच बाईची आठवण यावी, आणि ती बाईही मीच असावी, हे मला सहन होईना. मला माझा जुना केल परत हवा होता, काही न आठवणारा, "तिला विचारा" म्हणणारा. एवढ्यासाठीच मी ते स्कोन त्या प्लेटमध्ये रचले.

६

मी मुद्दाम भांडी धुण्याचं काम मागून घेतलं. टेबलापाशी थांबलं तर निघताना कुणीतरी प्लेट माझ्या हातात कोंबणार हे ठाऊक होतं. हॉलचं स्वयंपाकघर म्हणजे एक सिंक, एक बंब आणि हॉलकडे उघडणारी खिडकी. खिडकीचं पत्र्याचं शटर अर्धं खाली ओढून मी फेसात हात घातले.

पलीकडे माणसांचा कलकलाट होता. मग त्यातून केलचा आवाज वर आला. तो पोर्ट फेरीची गोष्ट सांगत होता. रेडिएटर, ओसरी, मासे, बंद दार. लोक हसत होते. केलच्या गोष्टीला लोक हसताहेत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, एरवी गोष्ट मी सांगायची.

"आणि सगळा रस्ता ही रडतेय," तो म्हणाला. "हो की नाही गं, ग्लेनिस?"

हाक मारली की ओ द्यायची सवय. मी तोंड उघडलं.

"खोटारडा!" हॉलमधून उत्तर आलं. "मी कशाला रडेन? रडलास तू. रेडिएटरसाठी."

हशा पिकला. मी पाण्यात हात घालून तशीच उभी होते. आवाज कोणाचा हे मला लगेच कळलं नाही. मग कळलं. आमच्या फोनवर निरोप ठेवायला सांगणारा जो आवाज आहे ना, ब्रॉनविनने माझ्याकडून बोलून घेतलेला, तो. आपला आवाज बाहेरून ऐकला की तो तसाच लागतो, थोडा परका.

मी शटरखाली वाकले. अर्ध्या फटीतून माणसं कमरेपर्यंतच दिसत होती. केलची करडी विजार, त्याचा गुडघ्यावर ठेवलेला हात. त्याच्या शेजारी निळ्या फुलांचा घागरा, आणि मांडीवर वॉटलची प्लेट, खाली एक तपकिरी स्वेटर घडी करून ठेवलेला. प्लेटमध्ये माझे स्कोन नव्हते, पिवळा केक होता. एका डाव्या हाताने त्यातला मोठा तुकडा उचलला आणि केलसमोर धरला. त्या हाताच्या मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग होता. तो डाग माझ्याही मनगटावर आहे, उजव्या.

केलचा हात उठला आणि त्या मांडीवर विसावला, इतक्या सहज की मला रडू फुटलं.

मी हात न पुसताच धावले. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला बाहेरून वळसा घालावा लागतो, पाण्याच्या टाकीला चिकटून. मी दारात पोहोचले तेव्हा बायका खुर्च्या रचत होत्या. त्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी रिकाम्या होत्या. टेबलावर एकही प्लेट उरली नव्हती.

थेल्माने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात चाव्यांचा जुडगा होता.

"काय गं, काही विसरलीस का?" ती म्हणाली. "परत आलीस ती?"

मी पुढच्या दाराने बाहेर गेले. ऊन लख्ख होतं, डोळे दिपले. आमची गाडी फाटकातून वळून रस्त्याला लागत होती.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. "केल!" मी ओरडले. काचेवर ऊन चमकत होतं. शेजारच्या सीटवर कुणीतरी मान खाली घालून मांडीवरचं काहीतरी सांभाळत बसलं होतं, एवढंच दिसलं. गाडी हळू झाली. केलने मला पाहिलं. अगदी सरळ माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून. नंतर त्याने गाडी जराशी बाजूला घेतली, मला धक्का लागू नये म्हणून. आणि स्टिअरिंगवरचा हात न हलवता एक बोट वर केलं.

आमच्या भागात रस्त्यात कुणीही दिसलं की असं बोट वर करतात. मेंढ्या नेणारा दिसो, टपालवाला दिसो, कधी न पाहिलेला वाटसरू दिसो. ओळख लागत नाही त्याला.

धूळ उडाली. मीही सवयीने हात वर केला, साबणाच्या फेसासकट.